कुटुंबनियोजन शस्त्रक्रियेची भरपाई आणि मोफत विधी साहाय्य : मागणीपत्र

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य व कुटुंब कल्याण, महाराष्ट्र राज्य
मा. सदस्य सचिव, महाराष्ट्र राज्य विधी सेवा प्राधिकरण, मुंबई
सर्व मा. जिल्हा शल्यचिकित्सक व जिल्हा आरोग्य अधिकारी

विषय : कुटुंबनियोजन शस्त्रक्रिया नुकसानभरपाई योजनेखाली दावा करणाऱ्यांना पहिल्या दिवसापासून मोफत विधी साहाय्य मिळण्याबाबत.

महोदय,

नसबंदीची शस्त्रक्रिया होऊनही दिवस गेले अशा स्त्रिया, शस्त्रक्रियेनंतर दुखणे कायमचे मागे लागलेल्या स्त्रिया आणि शस्त्रक्रियेत घरचे माणूस गमावलेली कुटुंबे यांची ही संघटना आहे. नसबंदी करून घेतलेले काही पुरुषही आमचे सभासद आहेत. आम्ही सगळे सरकारी दवाखान्यात, सरकारच्या कार्यक्रमाखाली, सरकारच्या सांगण्यावरून टेबलावर गेलो. त्या कार्यक्रमातच आमच्यासाठी भरपाईची तरतूद आहे. ती मिळवण्यासाठी लागणारी कायद्याची मदत आम्ही या पत्राने मागत आहोत.

भरपाईची योजना सरकारची आहे. मोफत वकील देण्याचा कायदाही सरकारचाच आहे. पण या योजनेच्या अर्जदाराला तो वकील मिळत नाही. आरोग्य खाते म्हणते, हे आमचे काम नाही. तालुका विधी सेवा समितीत गेलेल्या बाईला विचारतात, "केस नंबर काय?" तिच्याकडे केस नंबर नसतो, कारण तिचा दावा कोर्टात नसून आरोग्य खात्याच्या समितीपुढे असतो. एवढ्या कारणाने तिला परत पाठवले जाते.

योजना काय देते

रमाकांत राय यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये आदेश दिले, त्यानंतर नसबंदीतील मृत्यू, अपयश आणि गुंतागुंत यांसाठी भरपाईची देशभर एकसारखी व्यवस्था आली. आधी ती विमा कंपनीमार्फत होती. १ एप्रिल २०१३ पासून सरकारने ही जबाबदारी स्वतःकडे घेतली. त्या वेळी ठरलेले दर असे : रुग्णालयात किंवा घरी सोडल्यापासून ७ दिवसांत मृत्यू झाल्यास २ लाख रुपये, ८ ते ३० दिवसांत झाल्यास ५०,००० रुपये, शस्त्रक्रिया अयशस्वी ठरल्यास ३०,००० रुपये आणि घरी सोडल्यापासून ६० दिवसांत उद्भवलेल्या गुंतागुंतीच्या उपचारासाठी प्रत्यक्ष खर्च, जास्तीत जास्त २५,००० रुपये.

देविका बिस्वास यांच्या याचिकेवर १४ सप्टेंबर २०१६ रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने ही रक्कम भरीव वाढवावी आणि तिचा भार केंद्र व राज्य यांनी निम्मा-निम्मा उचलावा, असे सांगितले. त्या निकालाला पार्श्वभूमी होती ती बिहारमधल्या अररिया जिल्ह्यातील शिबिराची आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यात एकाच शिबिरात झालेल्या ८३ शस्त्रक्रियांची, ज्यांनंतर अनेक स्त्रिया दगावल्या.

या योजनेचे वैशिष्ट्य हे की भरपाईसाठी डॉक्टरची चूक सिद्ध करावी लागत नाही. शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर अमुक घडले, एवढे दाखवले की हक्क तयार होतो. हे योग्यच आहे. नसबंदी नीट होऊनही पहिल्या वर्षात हजारातल्या सुमारे पाच स्त्रियांना दिवस जाऊ शकतात, हे वैद्यकशास्त्र मान्य करते. डॉक्टरांविरुद्ध आमची मोहीम नाही, आणि गावातून आम्हाला दवाखान्यात नेणाऱ्या आशाताईंविरुद्ध तर मुळीच नाही. योजना कोणाला दोष देत नाही, आम्हीही देत नाही. मग दावा इतका अवघड का व्हावा?

दुसरे दरवाजे बंद आहेत

आमचे हे म्हणणे समजून घेतल्याशिवाय पुढच्या मागण्यांचे महत्त्व लक्षात येणार नाही.

ग्राहक आयोगाकडे आम्ही जाऊ शकत नाही. जिथे सर्वांना उपचार मोफत मिळतात त्या रुग्णालयाची सेवा ग्राहक कायद्यात बसत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये व्ही. पी. शांता प्रकरणात ठरवून दिले. आमची शस्त्रक्रिया मोफत झाली, म्हणून तो मार्ग बंद.

दिवाणी दावा करावा तर २००५ च्या शिवराम प्रकरणातला निकाल आडवा येतो. केवळ दिवस गेले म्हणून भरपाई मिळत नाही, डॉक्टरचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो. त्यासाठी तज्ज्ञ साक्षीदार हवा, आणि सरकारी डॉक्टरविरुद्ध साक्ष द्यायला तालुक्यात कोण पुढे येईल?

तेव्हा राहते ती ही योजना. आणि योजनेतली रक्कम अशी आहे की तेवढ्यासाठी खासगी वकील जिल्ह्याच्या गावी खेपा घालणार नाही. मोलमजुरी करणाऱ्या घराला मात्र ती सोडून देणे परवडत नाही. मोफत विधी साहाय्याचा कायदा नेमका अशाच माणसांसाठी केलेला आहे.

आमची सही

शस्त्रक्रियेच्या आधी आमच्याकडून संमतीपत्रावर सही किंवा अंगठा घेतला जातो. त्यात लिहिलेले असते की शस्त्रक्रिया अयशस्वी होऊ शकते याची मला कल्पना आहे. पाळी चुकल्यास दोन आठवड्यांच्या आत दवाखान्यात कळवीन. मृत्यू, अपयश किंवा गुंतागुंत झाल्यास योजनेतील भरपाई अंतिम व पूर्ण म्हणून स्वीकारीन आणि त्याहून अधिक रकमेसाठी न्यायालयात जाणार नाही.

ही सही कोणत्या वेळी घेतली जाते, ते आपण डोळ्यांपुढे आणावे. सकाळपासून उपाशी असलेली बाई बाकावर बसलेली असते. अंगावर हिरवा झगा घातलेला, हाताला इंजेक्शनची सुई टोचलेली, तान्हे मूल सासूच्या मांडीवर. रांगेत तिच्यापुढे आणि मागे आणखी बायका. एक कर्मचारी छापील कागदांचा गठ्ठा घेऊन येतो आणि कुठे सही करायची ते बोटाने दाखवतो. अशा वेळी ती न्यायालयात जाण्याचा हक्क लिहून देते. घर विकताना माणूस चार ठिकाणी विचारतो. इथे विचारायला कोणीही नसते.

करार कायदा, १८७२ च्या कलम २८ प्रमाणे न्यायालयात जाण्याचा हक्क पूर्णपणे काढून घेणारा करार त्या मर्यादेपर्यंत रद्दबातल ठरतो. संमतीपत्रातील ही अट त्या कसोटीवर टिकते का, यावर राज्य विधी सेवा प्राधिकरणाने लेखी मत द्यावे. तोपर्यंत या सहीचा आधार घेऊन एकाही अर्जदाराला विधी साहाय्य नाकारू नये.

शिवाय, संमतीपत्र शस्त्रक्रियेच्या दिवशी नव्हे, तर किमान एक दिवस आधी, मराठीत वाचून समजावून द्यावे. नंदुरबारमध्ये भिली-पावरी, मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी-माडिया बोलणाऱ्या स्त्रियांना त्यांच्या बोलीत सांगावे. नुसते "समजले का?" विचारून मान डोलावून घेणे म्हणजे समजावणे नव्हे. संमतीपत्राची एक प्रत घरी नेण्यासाठी दिलीच पाहिजे. आमच्या बहुतेक सभासदांनी आपल्या सहीचा तो कागद पुन्हा कधी पाहिलेला नाही.

मागणी पहिली : हा दावा विधी सेवेत मोडतो, हे जाहीर करावे

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ खाली प्रत्येक स्त्री आणि बालक मोफत विधी सेवेस पात्र आहे. त्यांना उत्पन्नाची अट नाही. अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, अपंग व्यक्ती आणि औद्योगिक कामगारही पात्र आहेत. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख रुपये आहे. त्याच अधिनियमाच्या कलम २ मधील व्याख्येप्रमाणे विधी सेवा म्हणजे केवळ कोर्टातली केस चालवणे नाही. इतर प्राधिकरणापुढील कामकाज आणि कोणत्याही कायदेविषयक बाबीत सल्ला देणे हेही त्यात येते.

म्हणजे "केस नंबर काय?" हा प्रश्न विचारण्याला कायद्यात आधार नाही. राज्य प्राधिकरणाने सर्व जिल्हा प्राधिकरणांना आणि तालुका समित्यांना परिपत्रक काढून स्पष्ट कळवावे की या योजनेखालील दावा तयार करणे, दाखल करणे, समितीपुढे मांडणे आणि नाकारल्यास पुढे दाद मागणे, ही सर्व कामे मोफत विधी सेवेत मोडतात. अर्जावर नियमाप्रमाणे ७ दिवसांत निर्णय व्हावा. पात्रतेसाठी अर्जदाराचे प्रतिज्ञापत्र पुरेसे मानता येते, असे कलम १३ सांगते. म्हणून तहसीलच्या उत्पन्नाच्या दाखल्यासाठी कोणाला थांबवू नये.

इथे एक उणीव आम्हाला मुद्दाम दाखवायची आहे. मृत्यूच्या प्रकरणात दावा करणारा बहुधा नवरा असतो. पुरुष म्हणून तो आपोआप पात्र ठरत नाही आणि त्याला उत्पन्नाच्या कागदांत अडकवले जाते. त्याच्या मागे राहिलेली लेकरे मात्र कायद्याने पात्र आहेत. मृत्यूचा दावा मुलांच्या नावे विधी साहाय्याला घ्यावा. बायको गेलेल्या माणसाला आधी गरिबी सिद्ध करायला लावू नये.

मागणी दुसरी : मदत दवाखान्यातच सुरू व्हावी

शस्त्रक्रिया अयशस्वी झाल्याची नोंद ज्या दिवशी डॉक्टर करतात, त्या दिवशी बाई दवाखान्यात असते. तिला गाठण्याची तीच वेळ आहे. नंतर ती रानात असेल, माहेरी असेल किंवा दुसऱ्या जिल्ह्यात असेल.

म्हणून अपयश, गुंतागुंत किंवा मृत्यूची नोंद होताच संबंधित वैद्यकीय अधिकाऱ्याने कुटुंबाला मराठीत छापलेली एक चिठ्ठी द्यावी. तिच्यावर योजनेतील रक्कम, अर्जाची मुदत, लागणारी कागदपत्रे, तालुका विधी सेवा समितीचा पत्ता आणि राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा मदत क्रमांक १५१०० असावा. त्याच नोंदीची एक प्रत अर्जदाराच्या संमतीने तालुका समितीकडे जावी.

प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात आणि उपजिल्हा रुग्णालयात आठवड्यातून ठरलेल्या एका दिवशी विधी स्वयंसेवक बसावा. गावोगावी विधी साहाय्य केंद्रे चालवण्याची व्यवस्था प्राधिकरणाकडे आधीपासून आहे, स्वयंसेवकही आहेत. त्यांची बसण्याची जागा बदलली तरी काम होते. हे काम आशाताईंवर ढकलू नये. शस्त्रक्रियेसाठी बाईला घेऊन जाणारी तीच, फसल्यावर गावाची बोलणी खाणारीही तीच. वर आता तिनेच खात्याविरुद्ध दावा लिहून द्यावा, ही अपेक्षा अन्यायाची आहे.

दिवस गेलेल्या स्त्रीला त्या घडीला आणखी एक गोष्ट कळायला हवी. गर्भनिरोधक उपाय फसल्यास २० आठवड्यांपर्यंत गर्भपात करून घेण्याचा मार्ग कायद्याने तिला मोकळा आहे. करायचा की नाही, हा निर्णय तिचा. काही कार्यालयांत "गर्भपात का केला नाही?" असे विचारून दावा मागे ठेवला जातो. अपयशाची भरपाई ही अपयशासाठी आहे. मूल ठेवले म्हणून तो हक्क जात नाही. हेही परिपत्रकात लिहावे.

मागणी तिसरी : ९० दिवसांची मुदत

योजनेप्रमाणे घटना घडल्यापासून ९० दिवसांत दावा दाखल करावा लागतो. कागदावर ही मुदत पुरेशी वाटते. प्रत्यक्षात तिचे काय होते, ते आमच्या एका सभासदाच्या प्रकरणातून सांगतो.

ती बीड जिल्ह्यातली ऊसतोड कामगार. दोन लेकरांनंतर गावाजवळच्या सरकारी रुग्णालयात ऑपरेशन झाले. पुढे दोन हंगाम गेले. तिसऱ्या हंगामाला नवरा-बायको कोयत्यावर कोल्हापूरकडे निघाले, मुकादमाची उचल दिवाळीआधीच घरात खर्च झालेली. फडात काम करताना तिला उलट्या सुरू झाल्या. ऑपरेशन झालेल्या बाईच्या मनात दिवस गेल्याची शंका येत नाही. तिने ते उन्हाचे आणि पित्ताचे दुखणे समजून अंगावर काढले. जवळच्या दवाखान्यात सोनोग्राफी झाली तेव्हा चौथा महिना होता. डॉक्टरांनी सांगितले, ऑपरेशन जिथे झाले तिथे जा. खाडा झाला की मजुरी कापली जाणार, उचल फिटेपर्यंत टोळी सोडता येत नाही. हंगाम संपून ती गावी परतली ती एप्रिलमध्ये, सातव्या महिन्यात. रुग्णालयात दावा घेतला गेला नाही, कारण सोनोग्राफीच्या तारखेपासून ९० दिवस उलटून गेले होते. नकार तोंडी दिला. लेखी काहीही दिले नाही.

या बाईने कुठे कसूर केली, ते आम्हाला दाखवून द्यावे. तिला पहिल्याच दवाखान्यात विधी स्वयंसेवक भेटला असता तर अर्ज तिथून, त्याच दिवशी, पोस्टाने गेला असता.

मुदतीबाबत आमची तीन मागणे आहेत. योजनेची माहिती लेखी मिळाली त्या तारखेपासून ९० दिवस मोजावेत. दावा राज्यातील कोणत्याही सरकारी दवाखान्यात स्वीकारावा आणि शस्त्रक्रिया जिथे झाली त्या जिल्ह्याकडे खात्याने स्वतः पाठवावा. हंगामी स्थलांतर करणाऱ्या ऊसतोड, वीटभट्टी आणि बांधकाम मजुरांसाठी ही सोय अत्यावश्यक आहे. आणि उशीर झाल्यास पुरेसे कारण पाहून तो माफ करण्याचा अधिकार समितीला द्यावा. न्यायालये उशीर माफ करतात. न्यायालयापेक्षा कठोर होण्याचे कारण कल्याणकारी योजनेला नाही.

मागणी चौथी : कागद आमच्याकडे नाहीत, तुमच्याकडे आहेत

दाव्यासोबत संमतीपत्राची प्रत, नसबंदीचे प्रमाणपत्र आणि अपयशाचा वैद्यकीय पुरावा लागतो. यातली पहिली दोन कागदपत्रे ज्या रुग्णालयाविरुद्ध दावा आहे त्याच रुग्णालयात असतात. स्त्रियांना प्रमाणपत्र शस्त्रक्रियेनंतर पाळी आल्यावर किंवा महिन्याभराने मिळते, पुरुषांना तीन महिन्यांनी वीर्यतपासणी झाल्यावर. ते घ्यायला परत यायचे असते, हेच अनेकांना सांगितले जात नाही.

डॉक्टरांच्या आचारसंहितेप्रमाणे दाखल रुग्णाची कागदपत्रे ३ वर्षे जपून ठेवायची असतात आणि मागितल्यास ७२ तासांत द्यायची असतात. ७२ तासांचा नियम आम्हाला मान्य आहे, तो पाळला जावा. मात्र ३ वर्षांची मुदत नसबंदीला लागू करणे चुकीचे आहे. नळी पुन्हा जुळून पाचव्या-सातव्या वर्षीही दिवस जाऊ शकतात. त्या वेळी कागद रद्दीत गेला असेल तर हक्कही रद्दीत जातो. नसबंदीची नोंदवही, संमतीपत्र आणि प्रमाणपत्राची स्थळप्रत किमान स्त्रीचे वय ५० होईपर्यंत जपावी.

रुग्णालयाचा कागद सापडत नसेल तर त्याचा तोटा अर्जदाराला सोसायला लावू नये. शस्त्रक्रिया झाल्याचे इतर पुरावे असतात. बुडालेल्या मजुरीपोटी मिळणारे पैसे तिच्या बँक खात्यात जमा झालेले असतात, ती नोंद पासबुकात असते. आशाताईच्या मोबदल्याची नोंद असते. शस्त्रक्रियागृहाची नोंदवही असते. यांपैकी एक पुरावा पुरेसा मानावा. हे पुरावे गोळा करणे, माहिती अधिकारात अर्ज करणे आणि ३० दिवसांत उत्तर आले नाही तर अपील करणे हे शिकलेल्या माणसालाही जिकिरीचे जाते. हेच काम विधी साहाय्याच्या वकिलाने करायचे आहे.

मागणी पाचवी : निर्णय लेखी, कारणांसह आणि ठरलेल्या मुदतीत

दावा तपासणारी जिल्ह्याची समिती प्रामुख्याने आरोग्य खात्यातील अधिकाऱ्यांची असते. ज्या खात्याने शस्त्रक्रिया केली, तेच खाते भरपाईचा निर्णय घेते. अधिकाऱ्यांच्या सचोटीवर आम्ही शंका घेत नाही, पण ही रचना न्याय्य नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना या समितीच्या बैठकीचे कायम निमंत्रण असावे. अर्जदाराला वकिलासह हजर राहून म्हणणे मांडता यावे.

दावा स्वीकारल्याची पोच त्याच दिवशी मिळावी. ४५ दिवसांत निर्णय व्हावा. मंजूर रक्कम त्यानंतर १५ दिवसांत थेट खात्यात यावी. नाकारल्यास कारणे मराठीत लिहून द्यावीत आणि पुढे कुठे दाद मागायची तेही त्याच कागदावर असावे.

यासाठी चौकट तयार आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली या दाव्याचा निपटारा अधिसूचित सेवा म्हणून जाहीर करावा. मग मुदत, प्रथम अपील, द्वितीय अपील, आयोग आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड, हे सारे आपोआप लागू होते. जातीचा दाखला या कायद्याखाली मुदतीत मिळतो, तर फसलेल्या शस्त्रक्रियेची भरपाई का मिळू नये?

त्याशिवाय आणखी एक मार्ग कायद्यात आहे आणि तो जवळजवळ वापरला जात नाही. १९८७ च्या अधिनियमात स्थायी लोकअदालतीची तरतूद आहे. रुग्णालय व दवाखान्याची सेवा ही त्यात सार्वजनिक उपयोगिता सेवा मानली आहे. कोर्ट फी नाही, १ कोटी रुपयांपर्यंतचे वाद ती ऐकू शकते आणि तडजोड झाली नाही तर गुणवत्तेवर निर्णयही देऊ शकते. राज्यात अशा अदालती मोजक्याच ठिकाणी आहेत. ३६ जिल्ह्यांपैकी जिथे नसबंदी शस्त्रक्रिया अधिक होतात, तिथून सुरुवात करून त्या वाढवाव्यात. तोपर्यंत असलेल्या अदालतींनी दूरदृश्य सुनावणीने इतर जिल्ह्यांतली प्रकरणे घ्यावीत.

रकमेबाबत

२०१६ च्या निकालानंतर कोणत्या तारखेच्या प्रकरणाला कोणता दर लागू, हे आज अर्जदाराला कळत नाही. प्रत्येक आरोग्य केंद्राच्या दर्शनी भागात लागू दरांचा फलक असावा. ज्यांना निकालानंतरच्या प्रकरणातही जुन्या दराने रक्कम मिळाली, त्यांच्या फरकाची तपासणी खात्याने स्वतःहून करावी.

हे करणे शक्य आहे

या पत्रातील एकाही मागणीसाठी नवा कायदा लागत नाही. दोन परिपत्रके, एक अधिसूचना, एक छापील चिठ्ठी आणि आठवड्यातून एक दिवस एक स्वयंसेवक, एवढ्यात बहुतेक काम होते. पॅनेलवरील वकिलांना विधी सेवा प्राधिकरण मानधन देते. या दाव्यासाठी प्रति प्रकरण ठरावीक मानधन ठरवावे, म्हणजे वकिलाला काम परवडेल आणि प्राधिकरणाला खर्चाचा अंदाज राहील. वकिलाने किंवा मध्यस्थाने मंजूर रकमेत वाटा मागितल्याची तक्रार आल्यास ३० दिवसांत चौकशी व्हावी आणि ती व्यक्ती पॅनेलवरून काढावी. हा नियम कडक हवा, कारण भरपाईची बातमी गावात पोचते त्याच दिवशी दलालही पोचतो.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील १५ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांची नसबंदी झालेली होती; पुरुष नसबंदीचे प्रमाण ०.३ टक्के होते. महाराष्ट्रात स्त्रियांचे प्रमाण देशाच्या सरासरीहून बरेच जास्त, जवळपास निम्मे आहे. लोकसंख्येचा भार या राज्याने बाईच्या अंगावर टाकला आणि तिने तो उचलला. त्यातल्या थोड्या स्त्रियांवर संकट येते. त्यांना एक वकील देणे राज्याला जड जाऊ नये.

पुढील कार्यवाही

हे मागणीपत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत आरोग्य विभाग आणि राज्य विधी सेवा प्राधिकरण यांची संयुक्त बैठक घ्यावी व तिला आमच्या पाच प्रतिनिधींना बोलवावे. त्यांपैकी किमान तीन स्वतः दावेदार असतील. बैठकीत तोंडी आश्वासन नको. प्रत्येक मागणीवर मान्य, अंशतः मान्य किंवा अमान्य असा लेखी शेरा आणि तारीख हवी. प्रलंबित दाव्यांची जिल्हानिहाय यादी त्याच बैठकीत ठेवावी आणि मुदतीच्या कारणावरून तोंडी नाकारलेले सर्व दावे पुन्हा उघडावेत. बीडच्या आमच्या सभासदाचा दावा त्यात पहिला घ्यावा.

या मुदतीत लेखी उत्तर आले नाही, तर आम्ही मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील उच्च न्यायालय विधी सेवा समित्यांकडे अर्ज करून जनहित याचिकेसाठी मोफत वकील मागू. तो अर्ज तयार आहे.

आपले,
संघटनेच्या सर्व सभासदांच्या वतीने
अध्यक्ष व सचिव